दोरी दिसणारी भुतं

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधून 1993 साली तात्या विंचू नावाचा बाहुला मराठी पडद्यावर आला. त्याचे डोळे गरागरा फिरायचे, जबडा वरखाली व्हायचा आणि त्याला कुणीतरी हलवते आहे हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळायचे. तरीही तो घाबरवायचा आणि त्याच वेळी हसवायचाही. तीस वर्षे उलटून गेली, पण हा बाहुला म्हातारा झालेला नाही. चित्रपट आला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी मुले आज त्याचा मंत्र एकमेकांवर फेकतात आणि त्याची चित्रे मोबाइलवर फिरवतात. मधल्या काळात कितीतरी अधिक सफाईदार भुते येऊन गेली. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने 2024 साली आपल्या कोकणातल्या पिंपळावरचे भूत संगणकाच्या साहाय्याने हिंदी पडद्यावर आणले आणि तो चित्रपट चांगला चालला. तरी मराठी घरात भुताच्या चित्रपटाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते तात्या विंचूचे, आणि त्याच्यामागोमाग ‘एक डाव भुताचा’, ‘भुताचा भाऊ’, ‘पछाडलेला’ यांचे. हे सगळे बेताच्या पैशांत झालेले चित्रपट. यांचे आकर्षण म्हणजे निव्वळ बालपणाच्या आठवणी, असे सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. या चित्रपटांत भुताची दोरी दिसते आणि ती दिसत असतानाच भूत जिवंत होते. त्यांची खरी ताकद यात आहे. दोरी लपवायला पैसा नव्हता, म्हणून भुतात जीव ओतायला नट, भाषा आणि हातांचे कसब कामाला लावावे लागले. या कसबाला आपल्याकडे, विशेषतः या कोल्हापूरच्या मातीत, मोठी परंपरा आहे. म्हणूनच या चित्रपटांकडे स्वस्त करमणूक म्हणून न पाहता जपण्याजोगी कला म्हणून पाहायला हवे.

बाहुल्याचे उदाहरण आधी घेतो, कारण भय आणि हास्य एकाच ठिकाणी कसे भेटतात हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ याने 1900 साली हास्यावर पुस्तक लिहिले. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येते, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. पुढे 1919 मध्ये सिग्मंड फ्रॉइडने अनामिक भयावर निबंध लिहिला. त्यात त्याने एर्न्स्ट येन्च या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचाराची चर्चा केली आहे. समोरची वस्तू निर्जीव आहे की सजीव, हे नक्की कळेनासे झाले की अंगावर काटा येतो, असे येन्चचे म्हणणे. बेर्गसाँ आणि येन्च दोघेही बाहुल्याकडे वळले, पण उलट्या दिशांनी आले. माणूस वस्तूकडे सरकला की हसू येते आणि वस्तू माणसाकडे सरकली की भीती वाटते. बोलका बाहुला या दोन्हींच्या सीमेवर उभा असतो. तो जरा जास्त लाकडी वाटला की आपण हसतो, जरा जास्त जिवंत वाटला की दचकतो, आणि कुशल कलावंत आपल्याला या दोन टोकांमध्ये हवे तसे खेळवतो. यासाठी त्याचे जडपण प्रेक्षकाला दिसावेच लागते. संगणकावर घडलेल्या भुताची त्वचा, केस, डोळ्यांतली चमक सगळे बिनचूक असते, त्यामुळे ती वस्तू आहे की प्राणी, हा संशय उरतच नाही. ते भूत भयानक असू शकते, विनोदीही असू शकते, पण त्याच्या मागे लाकूड नसल्यामुळे लाकडात जीव आल्याचा थरार ते देऊ शकत नाही.

‘झपाटलेला’वरचा जुना आक्षेप इथेच पाहून घेऊ. ही कल्पना उसनी आहे, असे म्हणतात, आणि ते खरे आहे. मरता मरता गुंड आपला जीव मंत्राच्या बळावर बाहुल्यात घालतो, ही गोष्ट 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातली. असे ऋण मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण उसन्या बियाण्याचे इथे काय झाले हेही पाहायला हवे. अमेरिकन चित्रपटातला चकी कारखान्यात हजारोंनी तयार होणारे खेळणे आहे आणि तो एका लहान मुलाच्या हाती पडतो. तिथली भीती बाजारातून घरात शिरलेल्या वस्तूची आहे. मराठी चित्रपटात बाहुला येतो तो शब्दभ्रमकाराकडे. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या स्वतः बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा, म्हणजे बाहुल्याला बोलते करणे हाच त्याचा धंदा. आता बाहुलाच स्वतःहून बोलू लागतो आणि लक्ष्याने काहीही सांगितले तरी ते लोकांना त्याच्या कलेतलेच वाटणार! गोष्टीतला सगळा विनोद आणि सगळी कोंडी या एका बदलातून निघते. हा बदल सुचला तो इथल्या परंपरेमुळे. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेला होता. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनीच तात्या विंचूचा बाहुला घडवला. शब्दभ्रमकाराला ओठ न हलवता बोलावे लागते. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय नीट उमटत नाहीत, म्हणून त्यांच्या जवळचे ध्वनी जिभेने काढून ऐकणाऱ्याच्या कानाला फसवावे लागते. त्याच वेळी हाताने जबडा, डोळे, मान अशा हालचाली बोलण्याच्या ठेक्यावर साधाव्या लागतात. हे कसब यायला वर्षे लागतात. अशा कलावंताचे काम ज्या चित्रपटाच्या मध्यभागी आहे, त्याला स्वस्त म्हणताना निदान स्वस्त म्हणजे काय याचा विचार व्हायला हवा. पैसा कमी लागला असेल, पण त्यामागे दोन पिढ्यांची साधना होती.

कोल्हापूरला हे नवे नाही. या शहराने चित्रपट सुरू केला तोच मुळी हाताने केलेल्या युक्त्यांच्या जोरावर. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. सपाट कापडावर राजवाडा, अरण्य, समुद्र उभा करायचा आणि प्रेक्षकाला तो खरा मानायला लावायचा, हे त्यांचे काम. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी चित्रपटाचे स्वप्न सोडले नाही. विदेशी कॅमेरा परवडत नव्हता, तेव्हा त्यांनी इथेच कॅमेरा बनवला आणि तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. या कंपनीच्या 1920 च्या ‘सैरंध्री’त भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका अंगावर येणारा झाला की तो भाग कापावा लागला. म्हणजे या नगरीच्या अगदी पहिल्या चित्रपटानेच कापड, रंग आणि युक्ती यांच्या साहाय्याने प्रेक्षकांना हादरवले होते. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी 1929 मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनी काढली. 1932 च्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्यांनी नाथपंथी कथेतले चमत्कार पडद्यावर उतरवले. पुढे पुण्याला गेल्यावर ‘संत तुकाराम’मध्ये वैकुंठाचे विमान आकाशात नेले, तेही याच शिदोरीवर. या मंडळींनी भक्तिपट आणि पौराणिकपट केले, भुताच्या विनोदी कथा केल्या नाहीत, हे खरे. पण अशक्य ते हाताशी असलेल्या साधनांनी दाखवायचे आणि उरलेले प्रेक्षकाच्या मनावर सोपवायचे, ही पद्धत त्यांचीच. कॅमेरा थांबवून माणूस गायब करण्याची युक्ती जॉर्ज मेलिएसने एकोणिसाव्या शतकातच वापरली होती. ऐंशीच्या दशकातल्या मराठी भुतांनीही तीच वापरली. संतपटातला चमत्कार आपण कौतुकाने पाहतो आणि त्याच जातीची युक्ती भूतपटात दिसली की तिला भाबडी ठरवतो. हा दुजाभाव विषयाच्या प्रतिष्ठेमुळे होतो, त्याचा कारागिरीशी काही संबंध नाही.

हास्य आणि भय यांचा मेळ घालण्याबाबत शास्त्राचे मत वेगळे होते, हेही सांगायला हवे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांचे परस्परविरोध सांगताना हास्याचा विरोध भयानकाशी आणि करुणाशी असल्याचे म्हटले आहे. या हिशेबाने भुताचा विनोदी चित्रपट म्हणजे उघड रसभंग. पण लोककलेने हा दंडक कधीच मानला नाही. गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरून सिंधुदुर्गात गेलो की दशावतारात संकासुर भेटतो. काळा पोशाख, काळा बुरखा, लोंबती जीभ अशा अवतारात तो येतो आणि पुढच्या रांगेतली लहान मुले आईच्या कुशीत तोंड लपवतात. तोच संकासुर तोंड उघडतो तेव्हा मालवणीत असे काही उलटसुलट बोलतो की सगळा मांड हसून लोटपोट होतो. तो वेद चोरणारा असुर आहे, शेवटी विष्णूच्या हातून मरणार आहे, पण तोवर प्रेक्षकांचा सर्वांत लाडका तोच असतो. आपल्या संतांनाही या सरमिसळीचे वावडे नव्हते. तुकोबांनी तर पंढरीच्या विठ्ठलालाच माणसाला झडपणारे भूत म्हटले, आणि एकनाथांच्या भारुडातही भूत येते. ज्याची भीती वाटते त्याच्याशी थट्टेची जवळीक साधायची, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. मुंजा, हडळ, जखीण, खवीस, समंध, वेताळ, झोटिंग अशी भुतांची जातवार यादी ज्या भाषेने केली, तिने प्रत्येकाच्या खोडी आणि आवडीनिवडीही ठरवून ठेवल्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या चित्रपटांनी ही रीत पडद्यावर आणली, त्यामुळे प्रेक्षकाला ती परकी वाटली नाही.

आता त्या चित्रपटांकडे येऊ. 1982 च्या ‘एक डाव भुताचा’ची पटकथा आणि संवाद द. मा. मिरासदारांचे. गावातल्या एका अफवेतून भूत कसे आकाराला येते हे ‘भुताचा जन्म’ या कथेत दाखवणाऱ्या लेखकाने इथे भुताला थेट माणसांत आणून बसवले. दिलीप प्रभावळकरांचा साधाभोळा मास्तर आणि अशोक सराफ यांचे जुन्या मराठेशाहीतले भूत यांची मैत्री हा या चित्रपटाचा गाभा आहे. भुताला दाखवायला खास तंत्र जवळजवळ नाहीच. आहे ती अशोक सराफ यांची चाल, त्यांचा आवाज आणि दोन काळांतल्या माणसांच्या बोलण्यातून होणारी गंमत. 1989 मध्ये सचिन यांच्या ‘भुताचा भाऊ’त अशोक सराफ पुन्हा भूत झाले आणि या वेळी सुडाची कथा विनोदाच्या अंगाने गेली. मास्तरचे काम केलेले प्रभावळकर 1993 मध्ये ‘झपाटलेला’त माणसाच्या रूपातला तात्या विंचू झाले, तर 2004 च्या ‘पछाडलेला’त वाड्यातला इनामदार भुस्नाळे. याच नटाने त्याआधी रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चिंची चेटकीण रंगवली होती. चेटकीण, भुताला भिणारा मास्तर, खुनी गुंड आणि अतृप्त इनामदार यांना जोडणारा धागा म्हणजे मराठी रंगभूमी. नाटकात नटाला जवळून दाखवणारा कॅमेरा नसतो, भूत उडवणारी यंत्रे नसतात. एका थबकण्यात, आवाजाच्या एका चढउतारात सगळे साधावे लागते. दचकवण्यासाठी आणि हसवण्यासाठी जी नेमकी वेळ पकडावी लागते, ती एकच आहे. क्षणभर लवकर बोललात तर विनोद पडतो, क्षणभर उशीर झाला तर भीती विरते. पैशांची चणचण असलेल्या निर्मात्यांना ही वेळ पकडणारे नट रंगभूमीवर तयार मिळाले. म्हणून या चित्रपटांत भुतापेक्षा भुताला पाहणाऱ्या माणसाचा चेहरा महत्त्वाचा ठरतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांची वळलेली बोबडी, भरून आलेले डोळे, धीर एकवटून बोललेले अर्धे वाक्य हेच खरे विशेष दृश्यपरिणाम होते.

इतरत्र काय चालले होते ते पाहिले म्हणजे मराठी प्रकाराचे वेगळेपण कळते. हिंदीत रामसे बंधूंनी 1972 मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट महाबळेश्वरला मुक्काम ठोकून मोजक्या माणसांत आणि मोजक्या पैशांत केला. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन ही कामे भावाभावांनीच वाटून घेतली. पुढे ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ अशा चित्रपटांतून त्यांनी भयपटाचा स्वतःचा बाजार उभा केला. त्यांच्या चित्रपटांतही विनोद असे, पण तो बहुधा वेगळ्या कप्प्यात. ‘पुराना मंदिर’मधल्या जगदीपच्या विनोदी प्रसंगांचा राक्षसाशी फारसा संबंध येत नाही. प्रेक्षकाला श्वास घ्यायला दिलेली ती उसंत होती. मराठीत हे दोन कप्पे एक झाले. ज्याची भीती वाटते तोच हसवतो, आणि हा संकासुराचा वारसा आहे. अमेरिकेत रॉजर कॉर्मनने 1960 मध्ये ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे मुख्य चित्रीकरण एका आयत्या सेटवर दोन-तीन दिवसांत उरकले. माणसे खाणारे बोलके झाड हे त्यातले भूत. त्या झाडाचे कृत्रिमपण कुणापासूनच लपले नव्हते. पण त्या कल्पनेत एवढा जीव होता की पुढे तिच्यावर संगीत नाटक झाले आणि 1986 मध्ये मोठ्या खर्चाचा चित्रपटही झाला. तो करणारा फ्रँक ऑझ मुळात बाहुल्यांच्या खेळातला कलावंत होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वस्त भूत टिकते तिथे बाहुलीवाला किंवा रंगमंचावरचा नट जवळपास असतोच.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप स्मरणरंजनाचा. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना हे चित्रपट आवडतात कारण ते त्यांच्या शाळेच्या सुट्ट्यांशी आणि दूरचित्रवाणीवरच्या दुपारींशी बांधलेले आहेत, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्याच काळात त्याच दुपारी दाखवले गेलेले शेकडो चित्रपट आज कुणाला आठवत नाहीत. स्मरणरंजन हे कारण असते तर ते सगळ्यांना सारखेच तारून गेले असते. शिवाय आजच्या मुलांची साक्ष आहे. ‘अलबत्या गलबत्या’ हे मतकरींचे नाटक 2018 मध्ये नव्या संचात रंगमंचावर आले आणि वैभव मांगले यांच्या चेटकिणीला पाहायला लहान मुलांनी नाट्यगृहे भरून टाकली. या मुलांच्या हातात जन्मापासून मोबाइल आहे, परदेशी चित्रपटांतले महागडे राक्षस त्यांनी घरबसल्या पाहिलेले आहेत. तरी साडी नेसलेला, नाक लावलेला नट समोर आला की ती किंचाळतात, खिदळतात, त्याला ओरडून उत्तरे देतात. ज्यांच्याकडे आठवणीच नाहीत त्यांनाही ही कला भुरळ घालते, याहून मोठा पुरावा कोणता हवा? मानून घेण्याच्या खेळात सामील व्हायला माणसाला आवडते आणि दोरी दिसली की आपल्याला त्या खेळात जागा आहे हे त्याला कळते. सगळे काही तयार करून पुढ्यात ठेवले की त्याच्यासाठी काम उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा कौतुकातून गरिबीचे गोडवे गायले जातात आणि हलगर्जीपणाला सबब मिळते, असे चित्रपटव्यवसायातलीच माणसे म्हणतात. त्यांची बाजू रास्त आहे. कमी खर्चाचा भार बहुतेक वेळा प्रकाशयोजना करणारे, सेट उभारणारे, रंगभूषा करणारे यांच्या मजुरीवर पडतो. त्याला कलेचे नाव देणे अन्याय ठरेल. म्हणून मला फरक करायचा आहे तो अपुरा पैसा आणि अपुरे कष्ट यांच्यात. ज्या चित्रपटांबद्दल मी बोलतो आहे ते कष्टांत कमी पडलेले नव्हते. याच महेश कोठारे यांनी 1990 मध्ये ‘धडाकेबाज’ सिनेमास्कोपमध्ये केला आणि मराठीत तसे पहिल्यांदाच घडले. म्हणजे आवाक्याबाहेरच्या तंत्राकडे झेप घेण्याची त्यांची धडपड होती, परवडत नाही म्हणून हात झटकणारी ती माणसे नव्हती. महागडे तंत्र वाईट, असेही माझे म्हणणे नाही. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने 2018 मध्ये दाखवून दिले की वेळ, पैसा आणि चिकाटी ओतली तर मराठी मातीतले भय जगाच्या तोडीचे उभे राहते. मात्र विनोदी भूतपटाची गरज वेगळी आहे. 2013 मध्ये ‘झपाटलेला 2’ त्रिमितीत आला. बाहुला पडद्याबाहेर झेपावत होता, पण त्याला पाहून बोबडी वळणारे लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्येच गेले होते. तंत्र वाढले आणि प्रतिसाद देणारा चेहरा हरवला, तिथे पहिल्या भागाची जादू परतली नाही. उलट ‘झोंबिवली’ने 2022 मध्ये डोंबिवलीच्या गर्दीत, पाण्याच्या प्रश्नावर बोट ठेवत माणसांच्याच अंगांतून आणि रंगभूषेतून झोंबी उभे केले आणि हा प्रकार मराठीत अजून जिवंत असल्याचे सांगितले.

तिसरा आक्षेप या शहरात तरी कुणाला टाळता येणार नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. दाभोलकरांच्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्या राज्याने बुवाबाजीविरुद्धच्या लढ्याची एवढी किंमत मोजली, तिथे भुताखेतांचे आणि मंत्रांचे चित्रपट लाडाने आठवावेत का, हा प्रश्न योग्यच आहे. त्यातले सत्य मी नाकारत नाही. ‘झपाटलेला’त मांत्रिक बाबा चमत्काराचा मंत्र खरोखर चालतो आणि त्यावर चित्रपट प्रश्न विचारत नाही. पण अंधश्रद्धा जगते ती गांभीर्यावर आणि गुपितावर. बुवाची दोरी भक्ताला दिसता कामा नये, दिसली की धंदा बसला. म्हणूनच अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिके करतात. आधी चमत्कार करून दाखवायचा, लोकांना थक्क करायचे आणि मग त्यामागची युक्ती उघड करायची. दोरी दिसणारा विनोदी भूतपट तेवढे जाणीवपूर्वक प्रबोधन करत नाही, पण प्रेक्षकाच्या मनाला तो त्याच वाटेवर ठेवतो. भीती वाटली तरी ती घडवलेली आहे, हे तो क्षणभरही विसरू देत नाही आणि ज्याच्यावर एकदा पोटभर हसलो त्या भुतापुढे नारळ फोडायला सहसा कुणी जात नाही. भुताला गंभीरपणे, खऱ्या घटनेवर आधारित म्हणून विकणाऱ्या आजच्या मालिका आणि चित्रफिती मला याहून कितीतरी घातक वाटतात.

चौथा आक्षेप मात्र मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. या चित्रपटांत स्त्रियांच्या वाट्याला फार थोडे आले. नायिका गाण्यापुरती आणि किंचाळण्यापुरती उरली, आणि विनोदाच्या नावाखाली कुणाचे जाडेपण, कुणाचे तोतरेपण, कुणाचे खेडवळपण यांची टिंगल झाली. हे त्या काळाचे वळण होते म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्याच काळात मराठी रंगभूमीवर याहून सुजाण विनोद होत होता. पण या दोषांचा कमी खर्चाशी संबंध नाही, हेही लक्षात घ्यावे. चांगला विनोद लिहायला जास्त पैसा लागत नाही. म्हणून जुन्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांचे हे उणेपण स्पष्ट सांगावे आणि नव्या लेखकांनी तेवढा भाग टाकून बाकीचा वारसा उचलावा. हडळ, जखीण, आसरा अशी बाईची किती भुते आपल्या लोककथांत आहेत! त्यांना स्वतःचा आवाज आणि स्वतःचा विनोद देणारा चित्रपट अजून व्हायचा आहे.

हा वारसा उचलायचा तर तो आधी शिल्लक राहायला हवा, आणि याबाबत कोल्हापूरने अनेकदा किंमत मोजली आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे वाचले. 1948 मध्ये भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळपोळीत सापडला. ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा सगळे शहर हळहळले. प्रतिष्ठित कलेची ही गत, तिथे भुताच्या विनोदी चित्रपटांना कोण विचारतो? त्यांच्या ज्या प्रती आज लोक पाहतात त्यांतल्या बऱ्याच धूसर आणि रंग उडालेल्या आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, पण तिथेही पुनरुज्जीवनासाठी आधी अभिजात मानलेल्या चित्रपटांचाच विचार होणार. म्हणून या प्रकाराची बाजू घेणारे कुणीतरी हवे, आणि ते काम कोल्हापूरने करावे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत बाहुल्या, मुखवटे, रंगभूषेचे साहित्य, हाताने रंगवलेली पोस्टर्स, युक्तिदृश्यांची साधने यांचे कायमचे दालन असावे. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे कार्यालय याच शहरात आहे. त्याने हक्कधारकांशी बोलून निदान ‘एक डाव भुताचा’ आणि ‘झपाटलेला’ यांच्या मूळ प्रती शोधून स्वच्छ कराव्यात आणि त्यांचे खेळ शाहू स्मारक भवनात नव्या पिढीसाठी लावावेत. शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्या काळात पडद्यामागे राबलेल्या सुतार, रंगभूषाकार, प्रकाशवाले, कॅमेरा सहायक यांच्या मुलाखती नोंदवून ठेवाव्यात. धुराचा पडदा कसा केला, भिंतीतून हात कसा काढला, सावली केवढी मोठी केली, हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. ते ज्यांच्या हातात आहे ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. बाकीच्या गोष्टींना मंजुऱ्या आणि निधी लागतील, या मुलाखतींना फक्त विद्यार्थी आणि एक ध्वनिमुद्रक पुरेल. त्यांची सुरुवात याच शैक्षणिक वर्षात व्हायला हवी.